भोळ्यांची नावे : सूला पक्षी आणि असीरगड



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ हे व्याख्यान होत आहे त्यांच्या वर्गात मी याच शाळेत बसलो आहे. पुढे मराठीचे अध्यापन हाच माझा व्यवसाय झाला आणि शब्दांच्या उत्पत्तीचा शोध हा माझा छंद झाला. त्यामुळे मुख्याध्यापकांचे निमंत्रण आले तेव्हा गुरुजींना आवडेल असा विषय कोणता, एवढाच विचार मी केला. त्यांना दोन गोष्टींची विशेष ओढ होती. एक, असीरगड, आणि दुसरी, नावे. गावाचे, ओढ्याचे, झाडाचे नाव कुठून आले हे विचारल्यावाचून ते पुढे जात नसत. म्हणून आज मी एका समुद्रपक्ष्याच्या नावाविषयी आणि त्या निमित्ताने आपल्या असीरगडाच्या नावाविषयी बोलणार आहे. समुद्रापासून शेकडो मैल दूर असलेल्या बऱ्हाणपुरात समुद्रपक्ष्याचे काय काम, असे आपल्याला वाटेल. त्याचे उत्तर हळूहळू येईल.

१. वाळूवर बसलेला पाहुणा

निवृत्तीनंतर एका पावसाळ्यात मी रत्नागिरीच्या बाजूला नातेवाइकांकडे गेलो होतो. दोन दिवस वादळी वारे वाहत होते. तिसऱ्या दिवशी सकाळी किनाऱ्यावर मुलांची गर्दी दिसली. मधोमध एक मोठा पांढराशुभ्र पक्षी बसला होता. पंखांच्या कडा काळ्या, चोचीच्या मुळाशी काळा मुखवटा चढवल्यासारखा रंग, चोच पिवळसर आणि भाल्यासारखी सरळ. तो दमलेला होता, पण घाबरलेला दिसत नव्हता. मुले अगदी जवळ गेली तरी तो हलेना. गर्दीतला एक गृहस्थ हसून म्हणाला, “खुळाच दिसतोय. पळतसुद्धा नाही!”

थोड्या वेळाने वनखात्याचा माणूस आला, त्याने पक्ष्याला अलगद कापडात गुंडाळले आणि त्याचे नाव सांगितले : मास्क्ड बूबी. पावसाळी वादळात हे पक्षी कधीकधी आपल्या पश्चिम किनाऱ्यावर असे येऊन पडतात. घरी परतल्यावर मी शब्दकोश उघडला आणि चकित झालो. त्या गृहस्थाने सहज जो शब्द उच्चारला होता, तोच त्या पक्ष्याच्या नावाचा अर्थ होता. ‘बूबी’ हे नाव ‘बोबो’ या स्पॅनिश शब्दावरून आले आहे आणि ‘बोबो’ म्हणजे खुळा, मूर्ख.

‘बोबो’च्या मागे जावे तर लॅटिन ‘बाल्बुस’ हा शब्द लागतो. त्याचा अर्थ तोतरा, अडखळत बोलणारा. आपला ‘बोबडा’ हा शब्द येथे सहज आठवतो. दोहोंचे मूळ एक आहे असा माझा दावा नाही. अडखळणाऱ्या ओठांचा आवाज सर्वत्र सारखाच ऐकू येतो, इतकेच. पण यातून एक गोष्ट ध्यानात यावी. ज्याची भाषा आपल्याला समजत नाही तो बोबडा, आणि जो बोबडा तो मूर्ख, ही उतरंड फार जुनी आहे. आपला संस्कृत ‘बर्बर’ शब्दही परक्याच्या बोलण्याची अशीच नक्कल करून तयार झाला.

२. एकाच कुळाची दोन नावे

बूबी आणि तिचा थंड समुद्रातला भाऊ गॅनेट यांचे कूळ एकच. शास्त्रज्ञ त्याला सूला पक्ष्याचे कूळ म्हणतात. ‘सूला’ हे उत्तरेकडील जुन्या नॉर्स भाषेतले त्या पक्ष्याचे नाव. यातला उत्तर अटलांटिकचा गॅनेट आकाराने सर्वांत मोठा. त्याचे वजन तीन किलोच्या आसपास असते आणि पसरलेले पंख सहा फुटांच्या जवळ जातात. हा पक्षी मासे कसे धरतो ते पाहण्यासारखे आहे. आपल्या राजघाटावर तापीच्या पात्रावर कवड्या खंड्या पंख फडफडवत एका जागी थांबतो आणि दगड पडावा तसा पाण्यात कोसळतो, हे तुमच्यापैकी अनेकांनी पाहिले असेल. गॅनेट तेच करतो, पण तीस-तीस मीटर उंचीवरून. पाण्यात शिरताना त्याचा वेग ताशी शंभर किलोमीटरच्या घरात असतो. एवढ्या आघाताने मान मोडावी! पण त्याच्या चेहऱ्याच्या आणि छातीच्या कातडीखाली हवेच्या पिशव्या असतात, त्या धक्का झेलतात. पाणी आत शिरू नये म्हणून बाहेरच्या नाकपुड्याच नसतात. दोन्ही डोळे समोर रोखता येतात, म्हणून खाली पोहणाऱ्या माशाचे अंतर त्याला अचूक कळते. पाण्याला टेकण्याच्या क्षणी तो पंख मागे ओढून घेतो आणि सबंध देहाचा बाण करतो.

अशा निष्णात पक्ष्याला शास्त्राने दिलेले नाव काय? १८१६ मध्ये व्हिएयो नावाच्या फ्रेंच पक्षिशास्त्रज्ञाने या प्रजातीसमूहाला ‘मोरुस’ असे नाव दिले. ते ग्रीक ‘मोरोस’पासून आले. अर्थ पुन्हा तोच : मूर्ख. मूर्ख का, तर हा पक्षी घरट्यावर बसला असता माणूस जवळ आला तरी उडून जात नाही आणि सहज मारता येतो. लक्षद्वीपच्या पित्ती बेटावर घरटी करणारा नॉडी नावाचा एक तपकिरी समुद्रपक्षी आहे. त्याचे शास्त्रीय नाव ‘अनौस स्टोलिडस’. पहिला शब्द ग्रीक, अर्थ बुद्धिहीन. दुसरा लॅटिन, अर्थ मठ्ठ. ‘नॉडी’ या इंग्रजी शब्दाचा अर्थही भोट असाच. म्हणजे एकाच पक्ष्याला तीन भाषांतून तीनदा मूर्ख ठरवले गेले.

आता दुसरी बाजू पाहा. ‘गॅनेट’ हा इंग्रजी शब्द जुन्या इंग्रजीतील ‘गानोत’पासून आला. इंग्रजीतील नर राजहंसाचे नाव ‘गँडर’ आणि ‘गानोत’ यांचे मूळ भाषाशास्त्रज्ञ एकच मानतात. तेच मूळ इंग्रजी ‘गूस’, जर्मन ‘गान्स’ आणि लॅटिन ‘आन्सर’ यांचे. आणि तेच आपल्या संस्कृत ‘हंस’ या शब्दाचे. नीरक्षीरविवेकाचे प्रतीक म्हणून ज्याला आपण शारदेच्या चरणांशी बसवले त्या हंसाच्या नावाचा हा दूरचा चुलतभाऊ! पक्षी एकच, एका नावाने तो हंसाच्या गोत्रातला, दुसऱ्या नावाने मूर्ख. पक्ष्यात काही फरक पडला नाही. फरक पडला तो नाव ठेवणाऱ्याच्या दृष्टीत.

या मूर्खाचे उपकारही सांगितले पाहिजेत. १७८९ मध्ये ‘बाउंटी’ जहाजावर बंड झाले आणि कॅप्टन ब्लाय याला सोबत्यांसह एका उघड्या होडीत सोडून देण्यात आले. अन्न संपत आले तेव्हा हाताशी येणाऱ्या नॉडी आणि बूबी पक्ष्यांनी त्यांना तारले. एकेका पक्ष्याचे अठरा वाटे करून, पाठमोऱ्या माणसाला ‘हा वाटा कोणाचा’ असे विचारून, ते रक्तमांस वाटण्यात आले. ज्याच्या विश्वासामुळे आपला प्राण वाचतो त्यालाच आपण मूर्ख म्हणतो, ही मानवी स्वभावाची गंमत की कृतघ्नता, हे आपणच ठरवावे.

३. तापीच्या मुखाशी

आता समुद्रावरून बऱ्हाणपुरास येऊ. वाट सरळ आहे, आपल्या तापीची. शाळेच्या उत्तरेस सातपुडा, दक्षिणेस तापी. आणि ही नदी पश्चिमेस जाऊन सुरतेजवळ समुद्राला मिळते. सतराव्या शतकात सुरतेच्या बंदरात उतरलेला प्रवासी आग्र्याला निघाला की पुष्कळदा बऱ्हाणपुरावरूनच जाई.

पीटर मंडी हा असाच एक इंग्रज. ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत तो १६२८ ते १६३४ या काळात हिंदुस्थानात होता. सुरतेच्या वखारीत त्याने मॉरिशस बेटावरून आणलेले दोन डोडो पक्षी पाहिले आणि तशी नोंद करून ठेवली. हाच मंडी १६३० च्या अखेरीस सुरतेहून आग्र्यास जाताना बऱ्हाणपुरातून गेला. तो भीषण दुष्काळाचा काळ होता. वाटेवर पडलेली प्रेते, धान्याच्या दाण्यासाठी चाललेली धडपड, हे सारे त्याने लिहून ठेवले आहे. पुढल्याच वर्षी, १६३१ च्या जूनमध्ये, शाहजहानची बेगम मुमताज महल हिचा याच बऱ्हाणपुरात अंत झाला, हे आपण जाणतोच.

डोडोच्या नावाविषयी विद्वानांत वाद आहे. पण पोर्तुगीज ‘दौदू’, म्हणजे खुळा, या शब्दाशी त्याचा संबंध त्याच शतकापासून जोडला जातो. या पक्ष्याने पूर्वी माणूस पाहिला नव्हता, त्यामुळे माणसाला भिण्याचे त्याला कारण नव्हते. माणूस आला, त्याच्यामागून डुकरे, माकडे आणि उंदीर आले, आणि शतकही न सरता डोडो पृथ्वीवरून नाहीसा झाला. आज मॉरिशसच्या राजचिन्हावर हाच पक्षी विराजमान आहे. त्या बेटावर एकोणिसाव्या शतकात मजूर म्हणून गेलेल्या मराठी कुटुंबांचे वंशज आजही आपली भाषा आणि सण सांभाळून आहेत. त्यांच्याही देशाचे चिन्ह हा डोडोच. मूर्ख म्हणून ज्याला मारले त्याला पुढच्या पिढ्यांनी सन्मानाने राजचिन्हावर बसवले. पण तोवर तो उरला नव्हता.

सुरतेचे ते दोन डोडो आणि आपला असीरगड यांना जोडणारा धागा केवळ मंडीच्या वाटेचा नाही. विश्वास ठेवणाऱ्याचे काय होते आणि त्याला जग काय नाव देते, हा तो धागा आहे.

४. आसा अहिराची गोष्ट

असीरगड बऱ्हाणपूरच्या उत्तरेस सुमारे वीस किलोमीटरवर, नर्मदा आणि तापी यांच्या खोऱ्यांना जोडणाऱ्या सातपुड्याच्या वाटेवर उभा आहे. पायथ्यापासून त्याची उंची अडीचशे मीटरांहून अधिक. मलयगड, कमरगड आणि मुख्य असीरगड असे त्याचे तीन टप्पे. उत्तरेतून दक्षिणेत उतरणाऱ्या सैन्याला हा गड हाती असल्यावाचून निश्चिंत होता येत नसे, म्हणून त्याला दख्खनचा दरवाजा म्हणत.

या गडाची सर्वांत प्रसिद्ध कथा फिरिश्ता या इतिहासकाराने सांगितली आहे. फिरिश्ता विजापूरच्या इब्राहिम आदिलशहाच्या दरबारातला. १६०४ मध्ये विजापूरच्या राजकन्येला अकबराचा पुत्र दानियाल याच्याकडे पोचवण्याच्या निमित्ताने तो या प्रांतात आला होता. त्याच्या कथेप्रमाणे या डोंगरावर आसा नावाचा एक अहीर, म्हणजे गवळ्यांचा नायक, राहत असे. पाच हजार म्हशी, पाच हजार गाई, वीस हजार मेंढ्या आणि एक हजार घोड्या, असे त्याचे वैभव फिरिश्ता नोंदवतो. खानदेशात आणि गोंडवनात मोठा दुष्काळ पडला तेव्हा आसाच्या कोठारांत धान्य होते. त्याची माणसे ते विकू लागली. परंतु त्याची पत्नी दयाळू होती. तिच्या सांगण्यावरून त्याने ते धान्य गोरगरिबांना वाटले, आणि उपाशी माणसांना काम मिळावे म्हणून गडाचा तट नव्याने बांधून घेतला. म्हणजे असीरगडाचा तट हे आपल्या भागातील दुष्काळी कामच म्हणायचे! दोनशे वर्षांनी मंडीने जो दुष्काळ पाहिला त्यात अशी कोठारे उघडणारा आसा असता तर, असा विचार मनात आल्यावाचून राहत नाही.

त्या वेळी खानदेशात फारुकी घराण्याचे राज्य नुकतेच स्थिरावत होते. १३९९ मध्ये मलिक राजा वारला आणि त्याचा पुत्र नसीरखान गादीवर आला. त्याला असीरगड हवा होता. आसा त्याचा शत्रू नव्हता, उलट त्याच्याशी नम्रतेने वागत असे. उघड युद्धाला कारण नव्हते. तेव्हा नसीरखानाने आसाला निरोप धाडला : बागलाण आणि खेर्ला येथील राजे माझ्यावर उठले आहेत, थाळनेरचा किल्ला भावाच्या ताब्यात असल्यामुळे तेथे भरवसा नाही, माझ्या घरच्या स्त्रियांना तुझ्या गडावर आसरा दे. आसाने तत्काळ होकार दिला. त्यांच्यासाठी चांगली घरे मोकळी करून दिली. पहिल्या दिवशी काही डोल्या आल्या, त्यांत खरोखरच स्त्रिया होत्या. आसाच्या घरच्या बायका त्यांच्या भेटीस गेल्या. दुसऱ्या दिवशी आणखी डोल्या आल्या. त्यांत सशस्त्र शिपाई होते. पाहुण्यांच्या स्वागतासाठी आसा आणि त्याचे पुत्र पुढे आले, आणि तेथेच कापले गेले. गड नसीरखानाचा झाला.

पुढे नसीरखानाने तापीच्या तीरावर नगर वसवले आणि शेख बुऱ्हानुद्दीन या सूफी संताच्या नावावरून त्याला बुऱ्हानपूर हे नाव दिले. म्हणजे ज्या गावात आपण आज बसलो आहोत त्याचे नाव एका संताचे आहे, आणि ज्या गडाकडे पाहत आपण लहानाचे मोठे झालो त्याचे नाव, लोकपरंपरेप्रमाणे, विश्वासाने मारल्या गेलेल्या एका गवळ्याचे आहे : आसा अहिराचा गड, तो असीरगड. गड जिंकणाऱ्या नसीरखानाचे नाव मात्र गडाला चिकटले नाही.

५. व्युत्पत्तीविषयी थोडे

येथे मला व्युत्पत्तीचा अभ्यासक म्हणून आपल्याला सावध केले पाहिजे. ‘आसा अहीर’ यापासून ‘असीर’ हे नाव झाले, ही व्युत्पत्ती ऐकायला गोड आहे, पण सिद्ध नाही. रजपुतांच्या भाटपरंपरेत ‘असेर’ या गडाचे नाव येते, आणि ते आसाच्या काळापेक्षा जुने असण्याचा संभव आहे. कोणी अश्वत्थाम्याच्या नावाशीही त्याचा संबंध जोडतात. डोल्यांतून शिपाई आत नेण्याची कथाही अनेक किल्ल्यांविषयी सांगतात. शेरशहाने १५३८ मध्ये रोहतासगड असाच घेतला असे म्हणतात. तेव्हा फिरिश्त्याच्या कथेतील प्रत्येक तपशील घडलाच, असे मी म्हणणार नाही.

परंतु लोकव्युत्पत्ती चुकीची असली तरी निरर्थक नसते. नाव आधी असते. त्याचा अर्थ पुढे हरवतो. मग लोक आपल्याला जपून ठेवावीशी वाटणारी गोष्ट त्या रिकाम्या नावात ठेवतात. असीरगडाच्या नावात लोकांनी कोणाला ठेवले? नसीरखानाला नाही, अकबराला नाही, शिंद्यांना नाही. दुष्काळात धान्य वाटणाऱ्या आणि पाहुण्यांना दार उघडणाऱ्या आसाला ठेवले. त्याच्या जमातीचे नाव आपल्या खानदेशच्या अहिराणी बोलीतही टिकून आहे. लोकांच्या न्यायनिवाड्याचा याहून स्पष्ट पुरावा मला ठाऊक नाही.

६. मोहरेवरचा ससाणा

दोनशे वर्षांनी याच गडावर दुसऱ्यांदा विश्वासाची परीक्षा झाली. १६०० मध्ये अकबर स्वतः बऱ्हाणपुरास आला आणि असीरगडाला वेढा पडला. गडात बहादूरखान फारुकी होता. तोफांनी गड पडेना. आत मात्र रोगाची साथ पसरली. त्या वर्षाच्या अखेरीस बहादूरखान गडाखाली अकबराच्या छावणीत आला आणि पुन्हा वर गेला नाही. १६०१ च्या जानेवारीत गड मोगलांच्या हाती आला. बहादूरखानाची रवानगी ग्वाल्हेरच्या किल्ल्यात कैदी म्हणून झाली आणि फारुकींचे राज्य संपले.

तो खाली कसा आला याविषयी एकवाक्यता नाही. वेढ्याच्या वेळी छावणीत असलेला जेझुइट धर्मोपदेशक जेरोम झेवियर याच्या पत्रांवर आधारलेल्या वृत्तांतात म्हटले आहे की अकबराने सुरक्षित परत पाठवण्याची शपथ घेतली होती आणि ती मोडली. अबुल फजल असे काही सांगत नाही. आधुनिक इतिहासकारांपैकी काहींनी जेझुइटांचे म्हणणे खरे मानले, काहींनी ते नाकारले. मी निकाल देऊ इच्छित नाही. पण एक गोष्ट मला विचार करायला लावते. या विजयाच्या स्मरणार्थ अकबराने सोन्याची मोहर पाडली. इलाही सन ४५, महिना इस्फंदारमुझ, टांकसाळ असीर. तिच्या एका बाजूस फुलांच्या वेलबुट्टीवर एक ससाणा ऐटीत उभा आहे. ही मोहर आज लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहे.

मित्रहो, असीरगडाच्या इतिहासातला हा एकमेव पक्षी. ससाणाही आकाशातून झेप घेऊन शिकार करतो आणि सूलाही. सूला आपल्या पोटापुरते मासे धरतो आणि माणसाला भीत नाही, म्हणून तो मूर्ख ठरला. ससाणा राजाच्या मनगटावर बसून राजासाठी मारतो, म्हणून तो सोन्याच्या नाण्यावर चढला. नावे आणि नाणी विजेत्यांच्या हातात असतात.

पण फार काळ नसतात. अकबराने खानदेशचे नावही बदलले होते. दानियालची येथे सुभेदारीवर नेमणूक झाली आणि त्याच्या नावावरून प्रांताला ‘दानदेश’ म्हणावे असे ठरले. १६०५ मध्ये दानियाल बऱ्हाणपुरातच वारला. ‘दानदेश’ हे नाव कागदांत राहिले. लोकांच्या तोंडी खानदेश ते खानदेशच. बादशहाचा हुकूम एका प्रांताचे नाव बदलू शकला नाही, आणि एका गवळ्याचे नाव कोणाच्याही हुकमावाचून डोंगरावर राहिले.

पुढचा इतिहास थोडक्यात सांगतो. उदगीरच्या लढाईनंतर १७६० मध्ये गड पेशव्यांकडे आला, नंतर शिंद्यांकडे गेला. इंग्रजांनी तो १८०३ मध्ये घेतला आणि तहाने परत दिला. १८१९ च्या एप्रिलमध्ये शिंद्यांचे किल्लेदार यशवंतराव लाड यांच्याकडून तो पुन्हा घेतला, तो कायमचा.

७. अश्वत्थाम्याचा गड

गडावरच्या महादेवाच्या मंदिरात अश्वत्थामा पहाटे येऊन फूल वाहून जातो, ही कथा आपण सर्वांनी लहानपणी ऐकली आहे. सहलीला गेल्यावर पिंडीवरच्या ताज्या फुलाकडे आम्ही किती भीतीने पाहत असू! वय वाढल्यावर मला या कथेत दुसरेच काही दिसू लागले. महाभारतातील ती घटनाही एका नावाचीच आहे. अश्वत्थामा नावाचा हत्ती मारला गेला, आणि ते नाव ऐकून द्रोणाचार्यांनी शस्त्र खाली ठेवले. त्यांनी विश्वास ठेवला, कारण बोलणारा युधिष्ठिर होता. आणि ज्याच्या नावाने पित्याचा घात झाला त्या पुत्राने पुढे झोपलेल्यांचा घात केला. निद्रा हाही विश्वासच असतो. एका फसवणुकीतून दुसरी जन्मली, आणि तिची जखम कपाळावर घेऊन तो भटकत राहिला.

ही कथा नेमकी याच गडावर येऊन का थांबली ते इतिहास सांगू शकणार नाही. पण द्रोण, आसा आणि बहादूरखान या तिघांना एकत्र आठवण्याला याहून योग्य जागा नाही.

८. भोळा आणि मूर्ख

आता मराठीच्या शिक्षकाने मराठीविषयी बोलले पाहिजे. सूला पक्ष्याला नाव देणाऱ्या खलाशांनी आणि पंडितांनी जो शब्द वापरला त्याचे भाषांतर आपण ‘मूर्ख’ असे करतो. पण आपल्याजवळ आणखी एक शब्द आहे : भोळा. ज्याला कळत नाही तो मूर्ख. ज्याच्या मनात कपट नसल्यामुळे दुसऱ्याचे कपट येत नाही तो भोळा. आपण शंकराला भोळा म्हणतो, मूर्ख म्हणत नाही. समर्थ रामदासांनी दासबोधात मूर्खाची लक्षणे सांगितली आणि तेवढ्यावर न थांबता पढतमूर्खाचीही सांगितली. त्यांच्या यादीत जाणता माणूसही सापडतो. आपल्या भाषेने हा विवेक शिकवला आहे. तो आपण किती वापरतो, हा प्रश्न आहे. हिंदीत घुबडाला ‘उल्लू’ म्हणून मूर्ख ठरवले, युरोपात त्यालाच ज्ञानदेवतेशेजारी बसवले. घुबड दोन्हीकडे रात्री उंदीरच धरते. नाव पक्ष्याविषयी कमी आणि आपल्याविषयी अधिक सांगते.

एक कबुली देतो. तिच्यासाठीच हा विषय घेतला असे म्हटले तरी चालेल. मी एका महाविद्यालयात शिकवत असताना प्रथम वर्षाच्या वर्गात सातपुड्याच्या पायथ्याच्या गावातला एक विद्यार्थी होता. त्याच्या बोलण्यात घरची बोली उतरे, त्यामुळे वर्ग हसे. परीक्षेच्या आधी मी सर्वांच्या टिपणवह्या मागितल्या. त्याच्याजवळ वही नव्हती. एका सहाध्यायाने ती मागून नेली होती आणि परत केली नव्हती. “त्याला निकड होती, सर,” एवढेच तो म्हणाला. मी भर वर्गात म्हणालो, “तू अगदीच बावळट आहेस.” वर्ग खदखदून हसला. त्या दिवसापासून तेच त्याचे नाव झाले. त्याला त्या नावाने हाका मारीत. दुसऱ्या वर्षाच्या मध्यावर त्याने महाविद्यालय सोडले. ज्याने वही नेली तो उत्तम गुणांनी उत्तीर्ण झाला आणि मी त्याची पाठ थोपटली.

मी तेव्हा पीएच.डी. झालो होतो. शब्दांच्या अर्थच्छटा हा माझा अभ्यासाचा विषय होता. ‘भोळा’ आणि ‘बावळट’ यांतील अंतर मी फळ्यावर लिहून दाखवू शकलो असतो. पण समोर उभ्या असलेल्या मुलात ते मला दिसले नाही. पढतमूर्खाचे लक्षण शोधायला मला दासबोध उघडावा लागत नाही. त्या विद्यार्थ्याची क्षमा मागण्याची संधी मला मिळाली नाही; म्हणून ज्या शाळेत मी घडलो तिच्यासमोर ही कबुली ठेवतो.

आणि येथे गुरुजींची आठवण येते. ते हजेरी घेताना प्रत्येकाचे पूर्ण नाव घेत : मुलाचे, वडिलांचे, आडनाव. साठ मुलांची साठ पूर्ण नावे. वेळ जातो म्हणून कोणी सुचवले तर म्हणत, “नाव अर्धे घेतले की माणूस अर्धा होतो.” आमच्या वर्गात कोणालाही टोपणनाव चिकटले नाही. त्या वेळी आम्हाला तो केवळ त्यांचा स्वभाव वाटे. आज वाटते, तेच त्यांचे अध्यापन होते.

९. समारोप

विद्यार्थी मित्रहो, भोळे राहा असा उपदेश मी तुम्हाला करणार नाही. आसाने डोल्या तपासायला हव्या होत्या, असे गडाच्या पहारेकऱ्याने म्हणावे आणि ते योग्यच होईल. सावधपणा हा गुण आहे. पण फसवला गेलेला आणि फसवणारा यांच्यात लाज कोणाला वाटली पाहिजे, याविषयी तुमच्या मनात गोंधळ नसावा. आपल्या बोलण्यात आपण सहज फसलेल्याला हसतो आणि फसवणाऱ्याला हुशार म्हणतो. भाषा अशीच बिघडते, आणि भाषेमागून माणसे बिघडतात.

रत्नागिरीच्या वाळूवरचा तो पक्षी दोन दिवस वनखात्याच्या देखरेखीखाली होता. ताकद आल्यावर त्याला पुन्हा किनाऱ्यावर नेऊन सोडले. मी पाहायला गेलो होतो. तो थोडा वेळ पाण्याकडे तोंड करून बसला, मग पंख पसरून वाऱ्यावर चढला. परवा त्याला खुळा म्हणणारे गृहस्थही तेथे होते. ते कपाळावर आडवा हात धरून त्या पक्ष्याकडे पाहत होते. या वेळी त्यांनी त्याला कोणतेही नाव ठेवले नाही.

पुढल्या सहलीत असीरगडावर जाल तेव्हा तटाच्या दगडांवर हात ठेवून पाहा. परंपरा खरी असेल तर ते उपाशी माणसांनी, आसाने दिलेले धान्य खाऊन, रचलेले आहेत. आणि वर्गात परत आल्यावर आपल्या शेजाऱ्याला त्याच्या पूर्ण नावाने हाक मारा. गुरुजींचे स्मारक म्हणून तेवढे पुरे आहे.